तिसरा काटा

मुबशिरानं सुईच्या टोकानं ते पोट अलगद कुशीवर वळवलं आणि काटे पुन्हा मोजले. एक, दोन, आणि मागे वळलेला तिसरा. तिनं मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा ओढणीला पुसला, पुन्हा डोळे लावले. तीनच.

"मॅडम," ती जागेवरूनच ओरडली, "सातव्याला पण तीन!"

शेजारच्या केबिनमध्ये खुर्ची सरकली. डॉ. स्वप्नाली घोरपडे विभागाच्या प्रमुख होत्या आणि मुबशिराच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकही. त्या आल्या, वाकल्या, आणि हातातला चहाचा कप तसाच धरून बराच वेळ बघत राहिल्या.

बघण्यासारखं होतं ते तिळाहून लहान. राधानगरीच्या वरच्या जंगलात कारवीच्या झुडपांवर सापडलेला हा तुडतुडा अख्खा धरला तरी तांदळाच्या कणीएवढा. वरून बघितलं तर तो आणि घाटात जिकडेतिकडे उड्या मारणारा साधा तुडतुडा यांच्यात काडीचा फरक नाही. तेच तपकिरी पंख, तेच चपटं कपाळ. फरक असतो तो नराच्या पोटाच्या अगदी शेवटी. पोट वेगळं काढायचं, पोटॅशच्या पाण्यात मऊ करायचं, आतला गाळ धुऊन टाकायचा, मग तिथला कुलपाच्या किल्लीसारखा अवयव दिसायला लागतो. साध्या तुडतुड्याच्या किल्लीला दोन काटे असतात. मुबशिराच्या सातही नरांना तीन होते.

"डीएनएही वेगळा निघाला, काटेही वेगळे," मॅडम सरळ होत म्हणाल्या. "आता नवी प्रजाती म्हणायला कुणाच्या बापाची भीती नाही. नाव ठरवलंस?"

नाव ठरवून महिना झाला होता. शहाजादी. मुबशिराची अम्मी. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत साड्यांना पिको-फॉल करून जिनं पोरीला एम.एस्सी.पर्यंत आणलं, आणि पीएच.डी. म्हणजे नेमकं काय हे न विचारताच तिच्यासाठी पहाटे उठून डबा केला, ती शहाजादी. मुबशिरानं तिला सांगितलं तेव्हा ती मशीन थांबवून म्हणाली होती, "किड्याला माझं नाव? आणि मी काय वाकडं केलंय तुझं?" मग दोन दिवसांनी तिनं हळूच विचारलं, "दिसायला बरा हाय न्हवं?" आणि आठवड्यात सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं की शहाजादीच्या नावानं जंगलात काहीतरी आहे आणि ते आता जगाच्या पुस्तकात जाणार आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या धोंडुबाई तर मुबशिराला बघितलं की विचारायच्या, "झालं का गं बारसं?"

बारशाच्या आड फक्त एक रिवाज राहिला होता. या धंद्यात नवं नाव ठेवायच्या आधी मेलेल्या नावांनाही उठवून विचारावं लागतं. विभागाच्या संग्रहालयात लाल चिठ्ठी लावलेली एक टाचणी होती, एक्केचाळीस नंबरची. लाल चिठ्ठी म्हणजे ज्या किड्यावरून पहिल्यांदा नाव ठेवलं गेलं तो मूळ नमुना. ते नाव ठेवलं होतं १९८७ साली धैर्यशील इंगवले सरांनी, ज्यांनी हा विभाग उभा केला. आणि ते नाव मारलं होतं १९९४ साली एका परदेशी तज्ज्ञानं आपल्या जाडजूड ग्रंथात, चार ओळींत. त्यानं कोल्हापुरातून टाचणी मागवून घेतली, पोट तपासलं आणि लिहिलं की पोट गुलाबी रंगानं रंगवलेलं आहे, काटे दोनच आहेत, हा साधाच तुडतुडा आहे, आणि मूळ लेखातलं चित्र चित्रकाराच्या कल्पनेतून आलेलं दिसतं. नाव रद्द.

मुबशिरानंही ती टाचणी बघितली होती. किड्याच्या खाली त्याच टाचणीवर बुचानं अडकवलेली बारीक काचनळी, नळीत ग्लिसरीन, त्यात सुटं पोट. काटे दोन. तज्ज्ञ बरोबर होता. तरी रिवाज म्हणून तिनं त्या जुन्या किड्याची एक तंगडी काढून आपल्या ताज्या नमुन्यांबरोबर पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. जुन्या तंगड्यांना वेळ लागतो, त्यामुळे तेवढा एकच निकाल यायचा होता.

तो मंगळवारी दुपारी आला. तंगडीतून डीएनएची फक्त एकशे अठ्ठेचाळीस अक्षरं वाचता आली होती, तीही तुकड्यातुकड्यांनी. मुबशिरानं ती साध्या तुडतुड्याच्या रांगेखाली लावली. एकोणीस ठिकाणी जुळेनात. मग तिनं ती आपल्या तीनकाट्यांच्या रांगेखाली लावली आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली. सगळी जुळली.

तिनं पुन्हा पहिल्यापासून लावून बघितली. तेच.

सरांचा मूळ लेख आपण वाचलाच नाही, हे तिला तेव्हा आठवलं. कुणीच वाचला नसावा. तो एका बंद पडलेल्या मासिकात आला होता आणि मोठ्या ग्रंथात त्याचा निकाल लागलेला होता, मग कोण शोधत बसतंय. सगळ्यांनी केलं तेच तिनं केलं होतं. तिनं मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, दोरीनं बांधलेल्या फायली एकेक सोडल्या, आणि तासाभरानं तिला पिवळी पडलेली चार पानं सापडली. तिसऱ्या पानावर शाईनं काढलेलं चित्र होतं. इतकं स्वच्छ चित्र तिनं आजवर कुणाचं बघितलं नव्हतं. एक काटा, दुसरा काटा, आणि मागे वळलेला तिसरा. त्याचं टोक जिथं किंचित पसरट होतं, तेही सरांनी सोडलं नव्हतं.

खाली नाव होतं. बयाबाई, लॅटिनची शेपटी लावून.

"सरांची आई," मॅडम म्हणाल्या. मुबशिरानं पानं आणि निकाल त्यांच्यासमोर ठेवले होते. "गंगावेशीत म्हैस घेऊन दूध विकायच्या. सरांना त्यांनी दुधावर शिकवलं."

"मॅडम, सरांचा किडा आणि माझा किडा एकच आहे. माझी प्रजाती नवी नाही."

मॅडमनी निकाल पुन्हा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एका अडतीस वर्षं जुन्या तंगडीवर कोण विश्वास ठेवेल? तू ताजे किडे त्याच टेबलावर कापलेस. त्यांचा कण तंगडीला लागला असेल, परीक्षक पहिलं हेच लिहितील. आणि लाल चिठ्ठीच्या टाचणीवरचं पोट काय सांगतं? दोन काटे. चित्र कितीही सुंदर असू दे, आपल्यात नमुन्यापुढे चित्राला किंमत नाही."

"पण मग सरांनी तिसरा काटा बघितला कुठं?"

"ते विचारू नकोस." मॅडमचा आवाज खाली आला. "टाचणी परत आली, सोबत तो ग्रंथ आला, तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. सरांनी आमच्यासमोर नळी उघडली, बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, न्हायच की ओ हितं काय. तेवढंच. त्यानंतर त्यांनी एकही चित्र काढलं नाही, एकही नाव ठेवलं नाही. शिकवलं आणि निवृत्त झाले. आता पंचाहत्तरी उलटली. त्यांना पुन्हा त्या खड्ड्यात ढकलू नकोस. तुझी प्रजाती नवी म्हणून पाठव. जूनमध्ये प्रबंध द्यायचाय तुला."

मॅडम वाईट नव्हत्या, प्रेमानंच बोलत होत्या. म्हणूनच ते ऐकणं सोपं होतं. मुबशिरा घरी गेली तर अम्मीनं एक नवी पोस्टकार्डाएवढी फ्रेम आणून ठेवली होती, किड्याच्या फोटोसाठी. मुबशिराला ते नाव हवं होतं. खोटं कशाला बोला, तिला ते फार हवं होतं. रात्रभर तिनं स्वतःला समजावलं की तंगडीला कण लागला असेल. सकाळी उठली तेव्हा कणावर तिचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. कापाकापी तिनं वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यानं केली होती. तंगडी तिनं त्याच्या आदल्या दिवशी बंद केली होती. तारीख तिच्याच हस्ताक्षरात वहीत होती.

तंगडी म्हणते तीन. चित्र म्हणतं तीन. पोट म्हणतं दोन. बसमध्ये दांडा धरून उभी असताना ती हे मनात घोळवत होती, आणि बिंदू चौकाच्या वळणावर तिला धक्का बसला तो बसचा नव्हता. तिघंही खरं बोलत असतील तर? तंगडी ज्या धडाची आहे त्या धडाचं ते पोटच नसेल तर?

विभागात पोचताच तिनं नोंदवही काढली. सरांचं बारीक, उभं हस्ताक्षर. क्रमांक एक्केचाळीस, नर, पोट काढले, १२ एप्रिल १९८७. त्याच्याखाली क्रमांक बेचाळीस, नर, साधा तुडतुडा, पोट काढले, १२ एप्रिल १९८७. त्या दिवसाच्या दोनच नोंदी. दोन पोटं शेजारी शेजारी भिजत ठेवलेली. एकाच मापाची, एकाच रंगाची.

बेचाळीसच्या नोंदीपुढे पुढं कधीतरी दुसऱ्या कुणी पेन्सिलीनं लिहिलं होतं: एम.एस्सी. प्रात्यक्षिक पेटी.

मुबशिरानं कपाळाला हात लावला. प्रात्यक्षिक पेट्या म्हणजे किड्यांचा वनवास. साध्या, लाखोंनी मिळणाऱ्या किड्यांची कुणाला कदर. तीस-पस्तीस वर्षं पोरांनी ते हाताळलेले, पंख गळलेले, डोकी हरवलेली, काहींच्या नुसत्याच टाचण्या उरलेल्या. माळ्यावर अशा एकवीस पेट्या होत्या. तिनं शिडी लावली. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं तिचे डोळे पाझरत होते, तरी तिनं बुधवार घालवला, गुरुवार घालवला. शिपाई गुंडूमामा खालून पेट्या झेलता झेलता म्हणाले, "काय सोनं ठेवलंय का काय हितं?"

"सोनंच म्हणा, मामा."

"मग मला बी सांगा की. मी बी धरतो शिडी सरळ."

शुक्रवारी, सोळाव्या पेटीत, मागच्या रांगेत, ती टाचणी निघाली. तिच्यावर किडा म्हणून जे होतं ते बघून कुणालाही दया यावी: छातीचा तुकडा, एक मोडका पंख आणि एकच तंगडी. पण त्याच्या खाली, टाचणीला घट्ट धरून, बुचाची बारीक काचनळी अजून होती. चिठ्ठीवर बेचाळीस. आणि नळीतलं ग्लिसरीन फिकट गुलाबी होतं.

मुबशिरा तशीच शिडीवर थांबली. सरांच्या शंभरावर नळ्या तिनं या दोन वर्षांत हाताळल्या होत्या. सगळ्या पाण्यासारख्या नाहीतर मधासारख्या. गुलाबी अशी एकच होती, लाल चिठ्ठीखालची. आता दुसरी तिच्या हातात होती.

खाली येऊन तिनं बूच काढलं, ग्लिसरीनचा थेंब काचेवर घेतला, पोट सुईनं ओढलं आणि मायक्रोस्कोपखाली सरकवलं. तिनं कोपर टेबलावर दाबून धरलं. मग सुईनं पोट कुशीवर वळवलं.

एक. दोन.

आणि मागे वळलेला तिसरा, टोकाशी किंचित पसरट.

ती हसायला लागली. तिला थांबताच येईना. गुंडूमामा दारात येऊन बघून गेले. मॅडम आल्या, त्यांना काही सांगायचीही शुद्ध तिला नव्हती, तिनं नुसतं मायक्रोस्कोपकडे बोट केलं. मॅडमनी डोळे लावले. पिवळी चार पानं शेजारीच उघडी होती. त्या एकदा आत बघत, एकदा चित्राकडे, पुन्हा आत.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. मग उठल्या. "पर्स घे माझी. सरांकडे जायचं. हा मायक्रोस्कोप पण घ्यायचा."

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीपर्यंत मुबशिरानं मायक्रोस्कोप रिक्षात मांडीवर धरला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा. सर पहिल्या मजल्यावर राहत होते, खाली कोचिंग क्लास होता आणि जिन्यात चपलांचा ढीग. राधानगरीत किडे धरणारी पोरगी म्हणून मुबशिराला ते ओळखत होते. दार त्यांनीच उघडलं. उंच, वाकलेला माणूस, अंगात बंडी, हातात वर्तमानपत्राचं खेळाचं पान.

"आज दोघी? कोण मेलं का काय?"

"उलटं झालंय, सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बसा आधी."

मुबशिरानं खिडकीपाशी टेबलावर मायक्रोस्कोप मांडला, काच ठेवली, उजेड सारखा केला. वाटेत तिनं सगळं कसं सांगायचं ते ठरवलं होतं, आणि आता तिला त्यातलं काही आठवेना. सरांची चूक त्यांच्याच घरात, त्यांच्याच तोंडावर सांगायची होती.

"बघा, सर," ती एवढंच म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकले. खालून पोरांचा पाढे म्हटल्यासारखा सूत्रं म्हणण्याचा आवाज येत होता. सर हलले नाहीत. त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि त्याची बोटं एकेक करून मिटत गेली. एक, दोन, तीन.

"हे ताजं हाय," ते डोळे न काढता म्हणाले. "तुझ्या जंगलातलं."

"नाही, सर. हे बेचाळीस नंबरच्या नळीतलं. तुमच्याच. बारा एप्रिल सत्त्याऐंशीचं." ती एका दमात बोलत सुटली. "एक्केचाळीसची तंगडी पुण्याला पाठवली होती. धड या प्रजातीचं आहे आणि त्याच्याखालच्या नळीत साध्याचं पोट आहे. आणि साध्याच्या खाली हे. पोटं बदलली, सर. नळीत भरताना अदलाबदल झाली. तुमच्याकडून."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि तिनं ओठ चावला. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर मुबशिराला वाटलं होतं त्यातलं काही नव्हतं.

"म्हंजे मी बघितलं होतं?"

"हो, सर."

"तिसरा काटा. होता?"

"होता. आहे."

सर पुन्हा वाकले, पुन्हा बघितलं. मग तिथंच, टेबलाला हात टेकून उभ्या उभ्या, ते रडले. फार नाही. बंडीच्या बाहीनं डोळे पुसले आणि नाक ओढलं.

"इकत्तीस वर्षं झाली, पोरी. मी म्हणतोय, मला नसलेलं दिसलं. आईचं नाव द्यायच्या नादात मी काटा बनवला. माझ्याच डोळ्यावर माझा इस्वास उडालता. आणि तू म्हणतीस नुसती नळी चुकली?" ते हसायला लागले. "नुसती नळी?"

मुबशिरानं दोन्ही टाचण्या आणि सोबत आणलेली नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली. "एकच कळत नाही, सर. या दोनच नळ्या गुलाबी का? त्या तज्ज्ञानं लिहिलंय की तुम्ही पोट रंगवलं होतं."

"रंगवलं? आमच्या विभागात तसला रंग कधी आलाच न्हाय." सरांनी नळी उजेडाकडे धरली. बूच नखानं खरवडलं, नखावर आलेली लालगुलाबी भुकटी बघितली, हुंगली. मग नोंदवही ओढून तारखेवर बोट ठेवलं.

"बारा एप्रिल," ते म्हणाले. "आयला. फायनल!"

मॅडम वळल्या. "कसली?"

"फुटबॉलची, दुसरी कसली! आमच्या तालमीच्या संघाची. मी जुना गोलकीपर, मला घरात बसवतंय व्हय? सकाळी ही दोन पोटं काढली, चित्र काढलं, दोन बश्यांत पाण्यात ठेवली, म्हटलं सांजच्याला येऊन नळीत भरू. आणि आम्ही पेनल्टीवर जिंकलो की! गुलालात न्हालो सगळे. मिरवणूक निघाली आणि निम्म्या वाटंत मला आठवलं, पाणी आटलं तर पोटं वाळून कोळसा होणार. तसाच पळत गेलतो लॅबवर. खाली पोरं हलगी वाजवत थांबलेली, सर चला, सर चला म्हणत. एक ह्या नळीत टाकलं, एक त्या नळीत, बूच दाबलं आणि पळालो."

"चिठ्ठ्या नव्हत्या बश्यांना?"

"होत्या की. पर वाचणार कोण? डोळ्यात गुलाल गेलता सगळा."

तिघंही हसत सुटले. खालचा क्लास क्षणभर गप्प झाला. त्या परदेशी माणसानं पोटावरचा गुलाबी रंग किती गंभीरपणे नोंदवला होता, हे आठवून मुबशिराला पुन्हा हसू फुटलं. जगात कुठल्याही तज्ज्ञाला तो रंग ओळखता आला नसता. त्याला कोल्हापुरातच जन्माला यावं लागलं असतं.

"पण सर," ती हसू आवरत म्हणाली, "नाव परत आणायचं तर चूक कशी झाली ते लिहावं लागेल. छापून येईल."

"छाप की." सर ताठ उभे राहिले. "गोल झाला तर गोलकीपरनं जाळ्यातनं बॉल काढून द्यायचा असतो. बाहेर गेलता म्हणून भांडायचं न्हाय. मिरवणुकीसकट छाप, गुलालासकट छाप." मग त्यांनी विचारलं, "तू तुझ्या किड्याला काय नाव ठरवलंतंस?"

मुबशिरा टाचण्या पेटीत ठेवायला लागली. "काही नाही, सर."

"शहाजादी," मॅडम म्हणाल्या. "तिच्या अम्मीचं."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग ते आत गेले आणि चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

बेचाळीस नंबरची असेल-नसेल ती एकुलती एक तंगडी पुण्याला गेली. सहा आठवड्यांनी निकाल आला: साधा तुडतुडा. आता कणाचा आक्षेप घ्यायला कुणाला जागाच उरली नाही. पोटं, तंगड्या, चित्र, नोंदवही, सगळ्यांची साक्ष एक. दोन परीक्षकांपैकी एकानं लिहिलं की गुलालाचा परिच्छेद गाळू नये. लेख ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला आणि रद्द झालेलं नाव उठून उभं राहिलं. नावापुढे, रिवाजाप्रमाणे, ठेवणाऱ्याचं आडनाव आणि साल: इंगवले, १९८७. मुबशिराचं नाव लेखाच्या डोक्यावर होतं, आणि विभागात त्या दिवशी गुंडूमामांनी शिडीचं श्रेय मागून घेतलं.

घरी मात्र मुबशिरानं अजून तोंड उघडलं नव्हतं. फ्रेम भिंतीवर रिकामीच लागली होती. धोंडुबाई विचारत होत्या, आणि अम्मी त्यांना सांगत होती, "बारसं काय घाईनं करत्यात व्हय?"

रविवारी सकाळी दारात सावली पडली. सर होते, स्वच्छ पांढऱ्या शर्टात, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात लेखाची छापील पानं. मुबशिरा चटकन उठली. तिचं तोंड उतरलेलं बघून सरांना कळलं की घरात काही सांगितलेलं नाही.

"शहाजादीबाई," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मी इंगवले. मुबशिराच्या मॅडमचा मास्तर. तुमच्याकडं एक कबुली द्यायला आलोय."

अम्मीनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं. पदर डोक्यावर घेतला.

"तुमच्या पोरीनं जो किडा शोधला, त्याला तुमचं नाव लागणार होतं. तो निघाला माझा. अडतीस वर्षांमागं मी त्याला नाव दिलतं, आणि माझ्याच धांदलीनं ते मातीत गेलतं. हिनं ते उकरून काढलं. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि आज तितं तुमचं नाव असतं." त्यांनी पानं पुढे केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आता माझ्या आईचं हाय. बयाबाई."

अम्मीनं पानं घेतली. अक्षरं इंग्रजी होती, तरी तिनं ती ओळ शेवटपर्यंत बघितली. मग पोरीकडे बघितलं. मुबशिरा भिंतीला टेकून उभी होती, मान खाली.

"हिनं मला सांगितलंच न्हाय," अम्मी म्हणाली. "आणि मी हितं सगळ्या गल्लीला सांगून बसलोय."

"माझी आई बी तसंच सांगत फिरायची," सर म्हणाले. "दूध घालताना गिऱ्हाइकाला सांगायची. नाव रद्द झालं तेव्हा मी तिला बोललो न्हाय. दोन हजार एकला गेली. खूष होती."

"गेल्या व्हय?"

"व्हय."

अम्मीनं पानं नीट दुमडली, सरांच्या हातात परत दिली, आणि खुर्चीवरचा साड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला.

"मग असू दे की तिचंच. गेलेल्या माणसाला नाव पायजे. मी हाय की अजून." तिनं खुर्ची पुसली. "बसा आत येऊन. मुबा, दूध ठेव वर. आणि तो पुडा दे हिकडं. गल्लीत सांगितलोय मी, पेढं बी मलाच वाटाय लागणार."